चूक शेवटच्या वळणावर होत नाही

दुपारी वखरलेल्या वावरावर घारी गोल फिरायला लागल्या की माझी मान अजूनही वर जाते. घरची माणसं अंगणातल्या कोंबडीच्या पिलांकडे धावतात आणि मी घारीच्या पंखांकडे बघत बसतो. पंख न हलवता घार चढतेय, म्हणजे तिथं तापलेली हवा वर निघाली आहे. आमची काळी माती ऊन पिते आणि दुपारी परत सोडते, त्यावर घारी फुकटात वर जातात. कॉलेजात असताना एका शिबिरात मी याच हवेवर ग्लायडर चालवायला शिकलो. पुढं वैमानिक झालो नाही. शेती आणि मास्तरकी यांतच आयुष्य गेलं. पण त्या शिबिरातली एक गोष्ट मनात अडकून राहिली आहे, आणि आता विदर्भात गावाकडच्या धावपट्ट्यांवर वैमानिक घडवायची भाषा सुरू झाल्यावर ती सांगायलाच हवी असं वाटतं.

ग्लायडरला इंजिन नसतं. जमिनीवरच्या विंचनं तार गुंडाळत त्याला पतंगासारखं वर ओढतात, नाहीतर दुसऱ्या विमानामागं दोरानं बांधून नेतात. तार सुटली की उरतात पंख, वजन आणि हवा. लोकांना वाटतं, इंजिन नाही म्हणजे ते धोंड्यासारखं पडत असणार. तसं होत नाही. शिकवणीचं दोन जागांचं ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून शांत हवेत पंचवीस ते तीस किलोमीटर सहज जातं. त्याची अडचण वेगळी आहे. उतरताना अंदाज हुकला तर पुन्हा वर जाऊन आणखी एक फेरी मारायची सोय त्याला नाही. त्यामुळे ग्लायडरच्या अपघाताची गोष्ट बऱ्याचदा उतरण्याच्या शेवटच्या मिनिटात संपते, आणि अहवालाच्या तळाशी दोन शब्द येतात: वैमानिकाची चूक.

हे दोन शब्द खोटे नसतात. नाक वर-खाली करणारी आणि पंख कलवणारी दांडी त्याच्याच हातात होती, नाक डावी-उजवीकडे फिरवणारं रडर त्याच्याच पायाखाली होतं. माझं भांडण आहे ते या शब्दांनंतर जो पूर्णविराम येतो त्याच्याशी.

आधी ती चूक होते कशी ते जवळून बघू, कारण ती मूर्खपणाची चूक मुळीच नाही. उतरायची रीत ठरलेली असते. धावपट्टीला समांतर, वारा पाठीशी घेऊन जायचं, मग काटकोनात वळायचं, मग आणखी एक वळण घेऊन वाऱ्याला तोंड देत पट्टीवर यायचं. हे शेवटचं वळण साधारण शंभर मीटरच्या वर पुरं झालं पाहिजे असा दंडक असतो. आता समजा पोरगा उशिरा परतला. उंची कमी आहे. वारा मागून ढकलतोय, त्यामुळे खालच्या बाभळी नेहमीपेक्षा मोठ्या दिसताहेत आणि भराभर मागं पळताहेत. पळती जमीन बघून आपण फार वेगात आहोत असं वाटतं आणि हात आपसूक दांडी मागं घेतो. खरा वेग घटतो. वळायचं तर पंख कलवायला हवा, पण जमीन इतकी जवळ असताना एक पंख तिच्याकडे झुकवायची छाती होत नाही. मग पाय मदतीला येतो. रडर दाबून नाकच पट्टीकडे फिरवू, असं पायाला वाटतं. नाक फिरतं, पण खालीही झुकतं. ते उचलायला दांडी आणखी मागं. वळणाच्या आतल्या बाजूचा पंख बाहेरच्यापेक्षा हळू चाललेला असतो, हवा आधी त्याच्यावरून सुटते, तो पडतो आणि ग्लायडर गिरकी घेत खाली जातं. गिरकीतून सावरायला शंभर मीटर तरी लागतात. तेवढे हाताशी नसतात, म्हणून तर हे सगळं झालेलं असतं.

यातली प्रत्येक हालचाल एकेकटी बघितली तर शहाणपणाची वाटते. नाक खाली गेलं, उचला. वेग जास्त वाटतो, कमी करा. जमीन जवळ आहे, जास्त कलू नका. घाबरलेलं शरीर आपल्याला वाचवायला धडपडत असतं आणि त्या धडपडीतूनच ते मारतं.

थोडं गणितही सांगतो, कारण त्याशिवाय हे भुताटकीसारखं वाटेल. पंखावरून हवा सुटणं, ज्याला स्टॉल म्हणतात, त्याचं मूळ पंख हवेला कोणत्या कोनात भिडतो यात आहे. वळणात ग्लायडर स्वतःच्या वजनापेक्षा जड वागतं आणि तो कोन लवकर गाठला जातो. ४५ अंश कललेल्या वळणात भार १.४ पट होतो आणि स्टॉलचा वेग जवळपास १९ टक्क्यांनी चढतो. ६० अंशांत भार दुप्पट, स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी जास्त. म्हणजे सरळ जाताना वेग ताशी ६५ किलोमीटरपर्यंत घटला तरी टिकणारं ग्लायडर ४५ अंशांच्या वळणात ७७ लाच हात टेकतं. ग्लायडर उडवणाऱ्या पहिल्या काही माणसांतला जर्मनीचा ऑटो लिलिएन्थाल, दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केलेला, १८९६ च्या ऑगस्टमध्ये स्टॉल होऊनच पडला. त्याला शिकवायला कोणी नव्हतं. आपल्याला सव्वाशे वर्षांचं शहाणपण आयतं मिळालं आहे.

त्यात आमच्या भागाचे दोन खास फास आहेत. एक उन्हाचा. ४५ अंशांच्या दुपारी हवा विरळ होते. वेगाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण हवेतून प्रत्यक्ष वेग सहा-सात टक्क्यांनी जास्त असतो. म्हणजे जमीन आणखी जोरात पळते आणि ‘वेग कमी कर’ ही खोटी हाक आणखी मोठ्यानं ऐकू येते. दुसरा फास उंचीचा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, यवतमाळ सुमारे ४५० वर. नागपुरात जमिनीवर उंचीमापकाचा काटा शून्याला लावून निघालेला माणूस यवतमाळच्या पठारावर एखाद्या वावरात उतरू लागला, तर काटा त्याला जवळपास १४० मीटर फुकटची उंची दाखवेल. काटा २०० म्हणेल आणि खाली पऱ्हाटीची बोंडं मोजता येतील. म्हणून परक्या रानात उतरताना काट्याकडे बघू नका, जमीन डोळ्याला किती खाली दिसते तो कोन बघा, असं शिकवतात. हे वर्गात शिकायला सोपं आहे.

ग्लायडरच्या काचेवर बाहेरून लोकरीचा बोटभर धागा चिकटवलेला असतो. राइट बंधूंनीही आपल्या यंत्राला असा दोरा लावला होता. धागा सरळ मागं वाहतोय तर सगळं ठीक, तिरका झाला तर पायानं काहीतरी घोळ घातला आहे. जगातलं सगळ्यात स्वस्त उपकरण असेल हे, आणि कधी बिघडत नाही. पण ज्या क्षणी त्याच्याकडे बघायला हवं त्या क्षणी नजर धावपट्टीच्या टोकाला चिकटलेली असते.

तर मग चूक कुठं झाली? शेवटच्या वळणात रडर जास्त दाबला तिथं? की तीन मिनिटं आधी, जेव्हा परत फिरायला हवं होतं आणि फिरला नाही? की आणखी आधी, शिबिराच्या जेवणाच्या पंगतीत?

हा पंगतीचा मुद्दा मी स्वतःच्या गोष्टीवरून मांडतो. जागेचं, संस्थेचं, सरांचं नाव देत नाही. त्यांनी मला पुष्कळ दिलं, आणि ही गोष्ट कुठल्याही ठिकाणची असू शकते. थंडी ओसरत आली होती, हरभरा घाट्यावर होता. माझी एकट्यानं उडायची पाचवी-सहावी खेप. तार सुटली, दूर गावाच्या बाजूला दोन घारी चढताना दिसल्या आणि मी त्यांच्या मागं गेलो. घारींना जे सापडलं ते मला सापडलं नाही. परत वळलो तर वारा तोंडावर आणि धावपट्टी काचेत वर-वर सरकू लागलेली. पट्टीचं टोक काचेत वर सरकतंय म्हणजे आपण तिथं पोचत नाही, हे सरांनी शंभरदा सांगितलं होतं. निळी मूठ, ग्लायडरला लवकर खाली आणणाऱ्या एअरब्रेकची, घट्ट बंद आहे ना ते हातानं चाचपून बघितलं. बंदच होती. मग मी आशा सोडली आणि पट्टीच्या तीनेकशे मीटर अलीकडे, ज्वारीची धसकटं वखरून काढलेल्या एका रिकाम्या वावरात सरळ उतरलो. मऊ मातीत चाक रुतलं, पन्नास-साठ पावलांत थांबलो. ग्लायडरला ओरखडासुद्धा नाही. शेजारी धुऱ्यापलीकडे हरभरा होता, तो वाचला. खरं सांगायचं तर त्या वेळी स्वतःचा जरा अभिमानच वाटला होता.

मग गडबड सुरू झाली. ग्लायडर पट्टीवर नेण्यासाठी पंख काढावे लागले, बैलगाडीवाटेनं ढकलत न्यावं लागलं, दोन तास उड्डाणं बंद. पोरं वैतागली. सर सगळ्यांदेखत बोलले. रात्री जेवताना मला ‘वखरवाला’ असं नाव पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना तर्री-पोहे माझ्या पैशानं.

तीन दिवसांनी पुन्हा तीच चूक केली. अननुभवी माणूस करणारच. पुन्हा पट्टीचं टोक काचेत वर सरकू लागलं, खाली तेच वावर, पण या वेळी मनात वखरवाला. मी नाक थोडं वर धरलं, जणू त्यानं ग्लायडर लांब जाणार होतं. शेवटचं वळण कडुलिंबाच्या शेंड्याच्या थोडं वर घेतलं, पायानं. धागा कुठं होता ते मला आजही सांगता येणार नाही, मी बघितलाच नाही. एकदा पंख थरथरला. मग चाक पट्टीच्या अगदी पहिल्या हातभर डांबरावर टेकलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, ‘जिगर आहे बे!’

ज्या दिवशी बरोबर वागलो त्या दिवशी शिक्षा झाली आणि ज्या दिवशी मरता मरता वाचलो त्या दिवशी शाबासकी. पंख त्या क्षणी आणखी दोन अंशांनी कलला असता तर अहवालात वैमानिकाची चूक असंच आलं असतं, आणि ते अगदी खरं असतं. त्या अहवालात तर्री-पोह्याचा उल्लेख मात्र नसता.

हा हिशेब यवतमाळच्या माणसाला नवा नाही. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. पहिलं उत्तर काय आलं? हातमोजे घातले नाहीत, तोंडाला काही बांधलं नाही, वाऱ्याची दिशा बघितली नाही. सगळं खरं. पण दमट उकाड्यात डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत शिरून, पाठीवर पंप घेऊन, रोजानं काम करणाऱ्या माणसानं ते जाड कपडे अंगावर ठेवायचे कसे, औषधांची मिसळ त्याला कुणी सांगितली, दुकानदार काय म्हणाला, दवाखान्यात काय उपचार मिळाले, हे प्रश्न मागून आले आणि अर्ध्या आवाजात आले. ‘त्याचीच चूक’ हे उत्तर सोयीचं असतं. मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नाही आणि बाकी कुणाला काही बदलावं लागत नाही.

यंत्राच्या बाबतीत आपण असे वागत नाही, हे मला विशेष खटकतं. २०१० च्या जूनमध्ये ऑस्ट्रियात ब्लानिक एल-१३ जातीच्या एका ग्लायडरचा पंख हवेत तुटला, दोघं गेले. त्यानंतर जगभरची ब्लानिक जमिनीवर आणली गेली. एका ठिकाणी धातू थकला, तर बाकीच्या सगळ्यांचा धातू तपासा, हा विचार कुणालाही लगेच पटला. पण एक पोरगा लाजेपोटी खाली वळण घेऊन पडला, म्हणून बाकीच्या शिबिरांत लाज किती साचली आहे ते तपासा, असं कोणी म्हणत नाही. त्याचं एकट्याचं नाव लिहून वही मिटते.

माणसाची चूकही तपासता येते, दुरुस्त करता येते, हे मात्र फार पूर्वी सिद्ध झालं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बर विमानं सुखरूप उतरल्यावर जमिनीवर पोटावर बसायची. वैमानिक फ्लॅपची, म्हणजे पंखामागच्या झडपांची, कळ ओढायला जायचे आणि हाताशी चाकांची यायची. निष्काळजी वैमानिक, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. आल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञानं बघितलं की दोन्ही कळी शेजारी शेजारी आणि दिसायला सारख्या. त्यानं चाकाच्या कळीला छोटं रबरी चाक लावायला सांगितलं, फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. हाताला अंधारातही फरक कळू लागला आणि तो घोळ मिटला. ग्लायडरमध्ये आज एअरब्रेकची मूठ निळी, दोर सोडायची पिवळी, दांडीवरचा ताण कमी करणाऱ्या ट्रिमची हिरवी आणि छत उडवून टाकायची लाल असते ती याच विचारातून. मूठ रंगवली हे सोपं झालं. पंगतीतली थट्टा कशी रंगवणार, हा अवघड प्रश्न आहे, पण प्रश्न त्याच जातीचा आहे.

इंजिनवाल्या विमानांतली एक गोष्ट इथं आठवते. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन आकाशातच संपलं. पौंड आणि किलोच्या हिशेबात गोंधळ झाला होता. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन ग्लायडर चालवणारे होते. त्यांनी ते अवाढव्य विमान ग्लायडरसारखं तिरपं घसरवत उंची कमी केली आणि गिमलीच्या जुन्या हवाईतळावर उतरवलं. आतली ६९ माणसं वाचली. आणि कंपनीनं काय केलं? कॅप्टनना सहा महिने खालच्या पदावर ठेवलं, सहवैमानिकाला काही दिवस घरी बसवलं. पुढच्या चौकशीत कंपनीच्या इंधन मोजण्याच्या पद्धतीवर आणि प्रशिक्षणावर बोट ठेवलं गेलं. जगातल्या सगळ्यात कौतुकाच्या उतरण्यालासुद्धा आधी शिक्षाच झाली, मग आमच्या शिबिरातल्या सरांना नावं ठेवण्यात काय अर्थ?

कागदावर हे सगळं जगानं मान्य केलेलं आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं तेरावं परिशिष्ट स्पष्ट सांगतं की अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं एवढाच आहे, दोष किंवा जबाबदारी वाटणं हा नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण विभाग स्थापन झाला. अमेरिकेत १९७६ पासून एक पद्धत चालू आहे: वैमानिकानं आपली न पडलेली, निसटलेली चूक स्वतः लिहून कळवायची. ती वाचते नासा ही संस्था, विमान वाहतुकीवर अंकुश ठेवणारी संस्था नव्हे. नाव गुप्त राहतं, आणि दहा दिवसांच्या आत कळवलं तर अनवधानानं झालेल्या नियमभंगाची शिक्षा सहसा होत नाही. माणूस सजेच्या भीतीनं जे गिळून टाकतो ते त्यामुळे बाहेर येतं. माझं लिंबाच्या शेंड्यावरचं वळण अशा ठिकाणी नोंदवलं गेलं असतं तर पुढच्या तुकडीला उपयोगी पडलं असतं. ते नोंदवायला जागाच नव्हती. नोंद झाली ती फक्त वखरलेल्या वावराची, लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या वहीत, लाल शाईनं: ‘निर्णय चुकला.’

आता हे सगळं आत्ताच का काढायचं? कारण विदर्भातल्या धावपट्ट्या शिकवणीसाठी खुल्या होताहेत. गोंदियाजवळ बिरसीला, महायुद्धाच्या काळात बांधलेल्या पट्टीवर, गेली कित्येक वर्षं वैमानिक तयार होताहेत. अमरावतीच्या बेलोऱ्याला एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि त्याआधीच तिथं एअर इंडियाची मोठी प्रशिक्षण संस्था जाहीर झाली होती. चंद्रपूरची मोरवा, अकोल्याची शिवणी, यवतमाळ, सगळीकडे पट्ट्या आहेत आणि सगळीकडे कुणीतरी काहीतरी सुरू करायच्या बेतात आहे. मला त्याचा आनंद आहे. आमच्या पोरांनी पुण्या-मुंबईकडे न बघता इथंच दांडी हातात घ्यावी. आणि माझ्या मनात असं की इंजिनाच्या विमानाआधी त्यांना काही तास ग्लायडरमध्ये बसवावं. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रानं वर्षानुवर्षं ग्लायडर शिकवलं, तसं एक केंद्र विदर्भाला का नको? ऊन आमच्याकडे आहे, मोकळं रान आहे, घारी तर आहेतच. इंजिनाच्या विमानातही शेवटचं वळण तेच, रडरची चूक तीच, फक्त इंजिनाच्या भरवशावर ती जरा उशिरा कळते.

पण पट्टीला डांबर लावलं, विमानं आणली आणि वसतिगृह बांधलं एवढ्यानं शाळा होत नाही. पालक घर गहाण ठेवून पोरगा पाठवतो. तासाला हजारो रुपये मोजले जातात. अशा पोराला पट्टीच्या अलीकडे उतरणं किंवा इंजिनाच्या विमानात आलेलं उतरणं सोडून पुन्हा फेरी मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं वाटतं. तिथं पंगतीतल्या थट्टेची गरजही पडत नाही, कर्जाचा हप्ताच त्याचं नाक वर धरतो. म्हणून माझी मागणी अशी की या संस्थांना परवानगी देताना जसा पट्टीचा उतार आणि अग्निशमनाची गाडी तपासतात, तसं हेही विचारावं: मागच्या महिन्यात किती विद्यार्थ्यांनी उतरणं सोडून फेरी मारली? कितीजण स्वतःहून येऊन म्हणाले की आज माझा पाय चुकला? जिथं उत्तर ‘एकही नाही’ असेल तिथं सगळे देवमाणसं उडत नसतात, तिथं बोलायची चोरी असते. फेरी मारलेल्या उड्डाणाचा जादा खर्च संस्थेनं सोसावा. तो फार नसतो. प्रेताच्या पेटीपेक्षा नक्कीच कमी असतो.

यावर लगेच कुणी म्हणेल, मास्तर, मग दोषी कोणीच नाही का? आहेत. दारू पिऊन उडणारा दोषी आहे. न उडलेले तास लॉगबुकात भरणारा आणि भरू देणारा दोषी आहे. २०११ मध्ये आपल्याकडे खोट्या गुणपत्रिकांवर वैमानिकांचे परवाने मिळवल्याची प्रकरणं उघडकीला आली, ते लोक दोषी होते आणि त्यांना पोलिसांनी धरलं ते योग्यच झालं. जाणूनबुजून केलेली लबाडी आणि शंभर मीटरवर घाबरलेला पाय यांत फरक करता येत नसेल तर आपण न्यायही नीट करू शकणार नाही आणि शिकवूही शकणार नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: शिस्तीशिवाय हवेत माणूस टिकत नाही, सर बोललेच पाहिजेत. मला मान्य आहे. सरांनी मला बोलायलाच हवं होतं, पण घारींच्या मागं गेलो म्हणून. वावरात उतरलो म्हणून नव्हे. पहिली चूक होती, दुसरा तिच्यावरचा उपाय होता, आणि ते दोन्ही एकाच शिवीत गुंडाळले गेले. मी त्यातून जे शिकलो ते वावर टाळायला.

एक बारीक गोष्ट राहिली, आणि ती पट्टीच्या कुंपणाबाहेरची आहे. उभ्या पिकात कुणी उतरलं तर शेतकऱ्याचं नुकसान कोण भरणार? आज याचं उत्तर बहुतेक ठिकाणी भांडण हेच आहे. पंचनामा, तलाठी, दोन्हीकडची माणसं, त्यात पोराचा मोबाइल जप्त. हे पोराला आधीपासून माहीत असतं आणि वरून खाली बघताना तेही त्याच्या मनात असतं. संस्थेनं आसपासच्या गावांशी बसून आधीच ठरवून टाकावं: पेरलेलं असेल तर गुंठ्यामागं इतके, नुसतं वखरलेलं असेल तर इतके, पैसे आठ दिवसांत हातात. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो दर लिहून ठेवावा. विद्यार्थ्याच्या पहिल्या आठवड्यात त्याला पट्टीभोवतालच्या वावरांमधून पायी फिरवावं. विहीर कुठं, शेततळं कुठं, विजेच्या तारा कुठून जातात, कुठल्या धुऱ्यावर बाभळी आहेत, कोणाचं रान कधी रिकामं होतं. शेतकऱ्याची ओळख झाली की ते वावर वरून परकं वाटत नाही.

माझ्याबाबतीत ही ओळख उतरल्यावर झाली. छत उघडून मी ढेकळांत उभा होतो, गुडघे हलत होते. पांढरं धोतर नेसलेला एक म्हातारा धुऱ्यावरून आला, ग्लायडरभोवती एक पूर्ण फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, ‘काहून जी, इंजिन कोठी पडलं?’ मी म्हटलं, इंजिन नसतंच याला. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की घरी कुणी आहे का नाही या पोराला. मग पाण्याची कळशी मागवली, मला प्यायला दिलं, चाकानं केलेली चाकोरी पायानं सारखी केली आणि धुऱ्यापलीकडच्या हिरव्याकडे हात केला.

‘पुढच्या खेपीले त्या हरभऱ्यात नोको उतरू. बाकी कोठीही उतर.’